ॲक्सल गियर गुणोत्तर

ॲक्सल गियर गुणोत्तर म्हणजे मोटारगाडीच्या चालक ॲक्सलमधील क्राऊन व्हील आणि पिनियन या दोन दंतचक्रांच्या दात्यांच्या संख्येचे गुणोत्तर होय. पिनियनला ८ आणि क्राऊन व्हीलला ३९ दाते असतील, तर ३९ भागिले ८, म्हणजे सुमारे ४.८८ हे त्या ॲक्सलचे गुणोत्तर ठरते. अशा गाडीत चाकाचा एक फेरा पूर्ण होण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला ४.८८ फेरे घ्यावे लागतात. फेऱ्यांची संख्या ज्या प्रमाणात घटते, त्याच प्रमाणात पीळबल वाढते. घर्षणात जाणारा अल्प भाग वगळता या देवघेवीत काही फुकट मिळत नाही व काही हरवतही नाही.

रस्त्याबाहेर चालणाऱ्या चारचाकी चालनाच्या गाड्यांना कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा मोठे टायर बसवले की हे गुणोत्तर अपुरे पडते. ते पुन्हा जुळवण्यासाठी ॲक्सलमधील क्राऊन-पिनियनची जोडी बदलली जाते. महाराष्ट्रात हा विषय जीप व तिच्या वंशातील गाड्यांच्या संदर्भात प्रामुख्याने येतो. काळ्या जमिनीच्या जिल्ह्यांत, उदाहरणार्थ हिंगोलीत, तो ट्रॅक्टरच्या चाकांशीही जोडलेला आहे.

संज्ञेतील घोळ

या विषयात 'मोठे' आणि 'लहान' हे शब्द उलटसुलट वापरले जातात. ५.३८ हा आकडा ४.२७ पेक्षा मोठा आहे. परंतु मोटार अभियांत्रिकीत ५.३८ ला 'खालचे' गुणोत्तर म्हणतात, कारण त्याने गाडी प्रत्येक गियरमध्ये कमी वेगाने व अधिक जोराने चालते. पहिला गियर 'खालचा' आणि चौथा 'वरचा' म्हणण्यामागेही हाच विचार आहे. गॅरेजमध्ये सुटे भाग मागताना केवळ 'खालचा रेशो' असे सांगितल्यास भलतीच जोडी हाती पडण्याचा संभव असतो. म्हणून आकडा सांगणे, आणि शक्य असल्यास दात्यांची संख्या सांगणे (३९ व ८, ४७ व ११, ४३ व ८) हाच खात्रीचा मार्ग आहे.

मोठ्या टायरचा परिणाम

चाकाचा व्यास वाढला की त्याच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते. इंजिनच्या दृष्टीने याचा अर्थ गाडीचे सगळे गियर एकदम वरचे झाले असा होतो. शिवाय ॲक्सलवरचे पीळबल तेच राहिले, तरी जमिनीला लागणारा रेटा त्रिज्या वाढल्याने घटतो. तरफेचा दांडा लांब झाल्यासारखाच हा प्रकार आहे.

टायरचा व्यास त्याच्या बाजूवर छापलेल्या मापावरून काढता येतो. २३५/७० आर १६ या टायरची रुंदी २३५ मिमी असते, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के म्हणजे १६४.५ मिमी असते आणि रिमचा व्यास १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी असतो. दोन भिंती व रिम यांची बेरीज ७३५ मिमी होते, म्हणजे साधारण २९ इंच. त्याजागी ३३ इंची (८३८ मिमी) टायर घातला, तर व्यास १.१४ पट होतो. परिणामी जमिनीवरील रेटा सुमारे १२ टक्के घटतो. नवे गुणोत्तर काढण्याचे सूत्र सोपे आहे:

नवे गुणोत्तर = जुने गुणोत्तर × नव्या टायरचा व्यास ÷ जुन्या टायरचा व्यास

मूळ गुणोत्तर ४.२७ असल्यास उत्तर ४.८७ येते, बाजारात मिळणारी सर्वांत जवळची जोडी ४.८८ ची. थेट गियरमध्ये, म्हणजे गियरबॉक्स १:१ असताना, ताशी ८० किमी वेगाला ही गाडी मूळ टायरवर मिनिटाला सुमारे २,४७० फेऱ्यांवर चालत असे. मोठ्या टायरवर जुन्याच ॲक्सलने ती सुमारे २,१६० फेऱ्यांवर येते. फेरे कमी झाले म्हणून इंधन वाचेल, असा तर्क वरवर पाहता योग्य वाटतो. प्रत्यक्षात इंजिन आपल्या सुखाच्या पट्ट्याखाली ओढले जाते, वरचा गियर चढणीला टिकत नाही, चालक वारंवार खालच्या गियरवर येतो आणि क्लच लवकर झिजतो. ४.८८ ची जोडी घातल्यावर फेरे पुन्हा २,४७० च्या आसपास येतात. वरील आकडे छापील व्यासावरून काढलेले आहेत. भाराखाली टायर किंचित दबत असल्याने खरा फिरण्याचा व्यास दोन-तीन टक्के कमी भरतो, पण तुलनेत त्याने फरक पडत नाही.

व्यासातील प्रत्येक बदलासाठी ॲक्सल उघडण्याची गरज नसते. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या दोन आवृत्त्यांना २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ असे वेगळे टायर होते. त्यांच्या व्यासांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे आणि तो चालकाला जाणवणारही नाही. फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला की मात्र प्रश्न गंभीर होतो. मोठा टायर जडही असतो आणि त्याचे वजन परिघाशी असल्याने त्याला गती देण्यास अधिक जोर लागतो. त्यामुळे अनेक जाणकार सूत्राने आलेल्या उत्तराहून एक पायरी खालचे गुणोत्तर निवडतात. रोजच्या वापरात गाडी महामार्गावरच अधिक धावणार असेल, तर ही सावधगिरी उलट अंगावर येते, कारण इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर घुमत राहते.

काळ्या जमिनीतील चाक

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. कयाधू व पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत बेसॉल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन पसरलेली आहे. औंढा व सेनगाव भागांत उथळ, मुरमाड माळ आणि डोंगरउतारही आहेत. कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद ही येथील पिके. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

काळ्या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडणारी तीच पाणंद पहिल्या मोठ्या पावसानंतर पायातली चप्पल ओढून घेते. अशा चिखलात चाकाचे तीन प्रश्न असतात: गाडीचे पोट जमिनीला टेकू नये, टायरला पकड मिळावी आणि खाचांत भरलेली माती बाहेर फेकली जावी. व्यास वाढवल्याने पहिल्या प्रश्नाला थेट उत्तर मिळते. वरील उदाहरणात ॲक्सलची उंची सुमारे ५१ मिमी वाढते. सस्पेन्शन कितीही उंचावले तरी ॲक्सलचे हाउसिंग चाकाच्या मध्याशीच राहते. त्याची जमिनीपासूनची उंची केवळ मोठा टायरच वाढवू शकतो आणि मोठ्या टायरचा मोह येथूनच सुरू होतो.

तिसरा प्रश्न गुणोत्तराशी निगडित आहे आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. खडकाळ चढावर गाडी जितकी सावकाश व जोरात रांगेल तितके चांगले. तेथे खालचे गुणोत्तर वरदान ठरते. चिकट काळ्या चिखलात मात्र चाक अगदी संथ फिरले तर खाचांतील माती सुटत नाही, टायर मातीचा गोळा बनतो आणि पकड संपते. माती झटकण्यासाठी चाकाला काही वेग हवा, आणि मोठे जड चाक त्या वेगाला नेऊन तिथे टिकवायचे तर इंजिनलाही दम हवा. म्हणून येथे फार खालचे गुणोत्तर आणि फार वरचे गुणोत्तर ही दोन्ही टोके अडचणीची ठरतात. सह्याद्रीच्या घाटवाटांवर जमलेली जुळणी मराठवाड्याच्या चिखलात तशीच लागू पडेल असे समजणे चूक आहे.

जीप आणि शेती

गुणोत्तर बदलून एकाच गाडीला दुसऱ्या कामाला जुंपण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द जीपचेच आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिस व फोर्ड या कंपन्यांनी बनवलेल्या लष्करी जीपच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.८८ होते आणि ट्रान्सफर केसमधील खालची पट्टी १.९७ ची होती. १९४५ मध्ये विलिसने शेतकऱ्यांसाठी म्हणून सीजे-२ए ही आवृत्ती आणली. टायर तसेच १६ इंची रिमचे अरुंद होते. पण ॲक्सल ५.३८ चा आणि खालची पट्टी २.४६ ची केली, गियरबॉक्सही बदलला. पहिला गियर, खालची पट्टी आणि ॲक्सल यांचा गुणाकार लष्करी जीपमध्ये सुमारे २५.६ होता, तो शेतीच्या जीपमध्ये ३७ झाला. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असता ही जीप ताशी साडेतीन-पावणेचार किमी वेगाने, म्हणजे बैलजोडीच्या चालीच्या जवळपास, नांगर ओढू शकत असे. त्याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागली: ताशी ९५ किमी वेगाला इंजिन सुमारे ३,८०० फेऱ्यांवर किंचाळत असे.

महिंद्रा समूहाची स्थापना १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने मुंबईत झाली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले आणि त्याच सुमारास तिने विलिस जीपची भारतात जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे प्रारूप परवान्याखाली येथे दीर्घकाळ बनत राहिले. गटविकास अधिकारी, पाटबंधारे, वन आणि पोलीस या खात्यांच्या जीपमुळे 'सरकारी गाडी' म्हणजे जीप असे समीकरण ग्रामीण महाराष्ट्रात रुजले. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिने आल्यावर गुणोत्तरांचा हिशेबही पालटला. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर अधिक पीळबल देते आणि फार चढ्या फेऱ्यांवर जात नाही. त्याला ५.३८ चा ॲक्सल दिला, तर गाडी रस्त्यावर रेंगाळते. त्यामुळे जीपवर्गीय गाड्यांत कालांतराने निरनिराळ्या गुणोत्तरांचे ॲक्सल आले. बाहेरून ते जवळजवळ सारखे दिसतात. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात होणाऱ्या गफलतींचे मूळ या साम्यातच आहे. थार हे या वंशाचे अलीकडचे रूप असून ते नाशिकच्या कारखान्यात बनते.

गुणोत्तर ओळखणे

ॲक्सलवर पत्र्याची चकती शाबूत असेल तर तिच्यावर दात्यांची संख्या कोरलेली सापडते. जुन्या गाड्यांत ती क्वचितच उरते. हाउसिंगचे झाकण काढून दाते मोजणे ही निर्विवाद पद्धत आहे. झाकण न काढताही अंदाज घेता येतो. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या चाकांना अडणी लावून, मागचे एक चाक जॅकने उचलतात व दुसरे जमिनीवर ठेवतात. उचललेले चाक हाताने नेमके दोन फेरे फिरवायचे आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजायचे. तो आकडा म्हणजेच गुणोत्तर. एक चाक स्थिर असताना साधे डिफरन्शियल फिरणाऱ्या चाकाच्या निम्म्या गतीने क्राऊन व्हील फिरवते, म्हणून दोन फेरे. शाफ्टवर खडूची खूण केली तर सव्वाचार आणि पावणेपाच यांतील फरक सहज दिसतो.

पुढचा आणि मागचा ॲक्सल

गरजेपुरते चारचाकी चालन देणाऱ्या गाडीत फोर-व्हील लावल्यावर पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांशी घट्ट जखडले जातात. दोन्ही ॲक्सलचे गुणोत्तर सारखे नसेल तर पुढची व मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, परंतु गाडी एकच असल्याने त्यांना तसे करता येत नाही. कोरड्या, घट्ट जमिनीवर हा ताण शाफ्ट, सांधे आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. शेवटी टायर घसरतो किंवा एखादा भाग तुटतो. ओल्या चिखलात टायर घसरून ताण सुटतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही आणि पक्क्या रस्त्यावर ती अचानक प्रकट होते. म्हणून क्राऊन-पिनियन बदलायचे तर दोन्ही ॲक्सलचे बदलावे लागते व खर्च दुप्पट होतो. केवळ मागचा ॲक्सल बदलून 'पुढचा नंतर पाहू' असे म्हणणाऱ्याने दरम्यानच्या काळात फोर-व्हीलच्या दांडीला हात लावू नये. एका ॲक्सलचे ४.८८ आणि दुसऱ्याचे ४.८९ असा नगण्य फरक मात्र चालून जातो.

बदलण्याची पद्धत

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यांची जोडी कधीही फोडू नये. एका जोडीचे पिनियन दुसऱ्या जोडीच्या क्राऊनला बसले तरी ते आवाज करते व लवकर झिजते. नवी जोडी घेताना डिफरन्शियलचा पिंजराही तपासावा लागतो. पिनियन जितके लहान, तितके क्राऊन व्हील जाड असावे लागते, अन्यथा दाते एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. काही ॲक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तरापलीकडे गेल्यास पिंजराच बदलावा लागतो.

जोडणीत चार गोष्टी साधाव्या लागतात. पिनियन किती खोल बसले आहे ते त्याच्या बेअरिंगखालच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमने, ठरवले जाते. पिनियनच्या बेअरिंगवर योग्य पूर्वताण द्यावा लागतो. क्राऊन व पिनियनच्या दात्यांमधील सूट, जिला कारागीर 'प्ले' किंवा बॅकलॅश म्हणतात, डायल गेजने मोजली जाते. ती बहुतेक ॲक्सलमध्ये मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशांच्या घरात असते. नेमका आकडा त्या ॲक्सलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. चौथी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे दात्यांच्या स्पर्शाची खूण. दात्यांना रंग लावून क्राऊन दोन्ही दिशांना फिरवले की स्पर्शाचा ठसा उमटतो. तो दात्याच्या मध्याशी हवा. टोकाकडे, मुळाकडे किंवा कडेला सरकलेला ठसा शिम चुकल्याचे सांगतो आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. कुशल कारागीरही एकाच ॲक्सलसाठी ही उतरव-चढव अनेकदा करतो. घाईत 'चालतंय' म्हणून सोडलेले काम काही शे किलोमीटरनंतर घुं-घुं आवाजाने ओळखू येते. तोवर जोडी बहुधा वाया गेलेली असते.

नव्या जोडीला रुळू द्यावे लागते. पहिल्या काही प्रवासांत थोडे अंतर चालवून ॲक्सल थंड होऊ देणे, ट्रॉली न ओढणे आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तेल बदलणे हा सर्वमान्य परिपाठ आहे. हायपॉइड प्रकारच्या क्राऊन-पिनियनमध्ये दाते एकमेकांवर घसरतही असल्याने त्यांना जीएल-५ दर्जाचे गियर तेल लागते. चिखलपाण्यातून गेलेल्या गाडीत ॲक्सलच्या श्वासनळीतून पाणी आत शिरते आणि तेल दुधाळ होते. पावसाळ्यानंतर ते तपासणे हे गुणोत्तर निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एका मर्यादेकडे सहसा दुर्लक्ष होते. क्राऊन व्हीलचा व्यास हाउसिंगमुळे ठरलेला असल्याने गुणोत्तर खाली नेण्यासाठी पिनियनच लहान करावे लागते. ४.२७ च्या जोडीतील पिनियनला ११ दाते असतात, तर ४.८८ आणि ५.३८ मध्ये केवळ ८. म्हणजे मोठा, जड टायर लावून भार वाढवायचा आणि तो पेलणारे पिनियन मात्र बारीक करायचे, असा हा व्यवहार आहे. फार मोठ्या टायरसाठी म्हणूनच निव्वळ क्राऊन-पिनियन न बदलता अधिक मजबूत ॲक्सल घेणे शहाणपणाचे ठरते.

ट्रॅक्टरमधील उपाय

हिंगोलीच्या शेतांत हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सुटलेला दिसतो. ट्रॅक्टरचे १३.६-२८ मापाचे मागचे चाक सुमारे १.३ मीटर व्यासाचे असते. ताशी अडीच किमी वेगाने नांगरताना ते मिनिटाला जेमतेम दहा फेरे घेते, तर इंजिन २,००० च्या आसपास. म्हणजे एकूण घट साधारण २०० पट लागते. एवढा भार एकट्या क्राऊन-पिनियनवर टाकता येत नाही. म्हणून ट्रॅक्टरमध्ये डिफरन्शियलच्या पलीकडे, चाकाच्या जवळ, आणखी एक घट दिलेली असते. मोठा पीळ त्यामुळे अगदी शेवटच्या टप्प्यावर निर्माण होतो आणि आधीचे भाग हलके ठेवता येतात. युनिमॉगसारख्या गाड्यांच्या पोर्टल ॲक्सलमध्ये हेच तत्त्व आहे. तेथे चाकाशी दिलेल्या दंतचक्रांमुळे ॲक्सल चाकाच्या मध्याहून वर उचललाही जातो.

चारही चाके चालवणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची लहान चाके मागच्यांपेक्षा किंचित अधिक अंतर कापतील, असे गुणोत्तर मुद्दाम ठेवलेले असते. त्यामुळे पुढचा भाग सतत ओढता राहतो. अशा ट्रॅक्टरला फक्त मागे किंवा फक्त पुढे वेगळ्या मापाचे टायर बसवले, तर हा नाजूक हिशेब बिघडतो. झिजलेल्या टायरच्या जागी 'जवळपासचा' टायर चढवताना याचा विसर पडतो.

वेगमापक आणि ब्रेक

जुन्या जीपमध्ये वेगमापकाची केबल ट्रान्सफर केसवरून, म्हणजे ॲक्सलच्या अलीकडून निघते. मोठे टायर बसवून ॲक्सल तसाच ठेवला, तर १.१४ पट व्यासाच्या उदाहरणात काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९१ च्या वेगाने धावत असते. योग्य गुणोत्तराचा क्राऊन-पिनियन घातला की काटा आपोआप खरा होतो. चाकावरील संवेदकांवरून वेग मोजणाऱ्या नव्या गाड्यांत तसे होत नाही. तेथे चाकाचे फेरे थेट मोजले जातात, त्यामुळे ॲक्सल बदलूनही चूक कायम राहते आणि टायरचे माप गाडीच्या संगणकात दुरुस्त करावे लागते.

ब्रेकच्या बाबतीत तर गुणोत्तर काहीच भरून काढत नाही. ब्रेक चाकावरच असतो. त्याचे पीळबल तेच राहून त्रिज्या वाढली, की त्याच पायाच्या दाबाला जमिनीवरील रोध सुमारे १२ टक्के घटतो. जड चाक थांबवण्याचे काम वेगळेच. गुणोत्तर बदलल्यावर गाडी पूर्वीसारखी चपळ पळू लागते आणि चालकाला सगळे जागेवर आल्याचा भास होतो. थांबण्याची क्षमता मात्र जागेवर आलेली नसते, आणि वाढलेल्या उंचीमुळे वळणावर उलटण्याचा धोकाही वाढलेला असतो.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा असाच काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हिंगोली जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-३८ या संकेतांकाखाली होते. तेथील मालकाने असा बदल करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे चौकशी करणे आवश्यक ठरते. चाककमानीबाहेर डोकावणारा टायर रस्त्यावरच नजरेत भरतो. ॲक्सलच्या आत बदललेली जोडी कोणाला दिसत नाही, परंतु अपघातानंतरच्या विमा तपासणीत ती उघड होऊ शकते.

शेत-पाणंदीवर अधूनमधून जाणाऱ्या गाडीसाठी मूळ मापातच चिखलाच्या खोल खाचांचे टायर घेणे हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. त्यात ॲक्सलला हात लावावा लागत नाही. केवळ संथ चालीसाठी जोर हवा असेल, तर काही गाड्यांत ट्रान्सफर केसची खालची पट्टी बदलता येते. मारुती जिप्सीच्या बाबतीत हा मार्ग बराच रूढ आहे. त्याने रस्त्यावरची चाल बिघडत नाही आणि एकाच ठिकाणी बदल केल्याने पुढचा-मागचा मेळही आपोआप राखला जातो.